दक्षिण आफ्रिकेत डायव्हिंग: आधी पाणी बघा, मग प्राणी

आंबटओला

विपूत (विचारपुशीच्या पानावर) बऱ्याच जणांनी एकाच धर्तीचा प्रश्न विचारलाय. "दक्षिण आफ्रिकेला येतोय, आठ-दहा दिवस आहेत. शार्क, मँटा (महाकाय पाकट), व्हेल, पेंग्विन आणि ते तारलीचे थवे, सगळं कुठे बघायला मिळेल?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा एक धागाच काढतो. इथे आणखीही डायव्हर आहेत, त्यांनी भर घालावी आणि चुकलं तर कान धरावा.

सगळं एका जागी दिसत नाही आणि एका मोसमातही दिसत नाही. नकाशावर हा एक सलग किनारा दिसतो, पण पाण्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे देश आहेत. पूर्वेला अगुल्हास प्रवाह उत्तरेकडचं कोमट पाणी खाली आणतो. पश्चिमेला बेंग्वेला गार पाणी घेऊन वर सरकतो. जानेवारीत पूर्व किनाऱ्यावरच्या सोडवानाला तुम्ही २७ अंशांच्या पाण्यात प्रवाळ बघत असता, तेव्हा केप टाउनच्या अटलांटिक बाजूला पारा १० अंशांवर असू शकतो. म्हणून कुठला प्राणी बघायचा याची यादी घेऊन निघू नका. कुठल्या महिन्यात येताय ते ठरवा, त्या महिन्यात कुठलं पाणी चांगलं असतं ते बघा, आणि त्या पाण्यात जे असेल ते बघा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी तपशील.

मी जोहान्सबर्गला राहतो. तिथल्या डायव्हरांचं हक्काचं ठिकाण म्हणजे सोडवाना बे, मोझांबिकच्या सीमेच्या जरा खाली. गाडीने सात-आठ तास. इसिमंगालिसो या पाणथळ उद्यानाचा हा भाग आहे. १९९९ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आफ्रिकेतल्या अगदी दक्षिणेकडच्या प्रवाळ रीफ इथे आहेत आणि त्यांची नावं अगदी कोरडी आहेत: टू माइल, फाइव्ह माइल, सेव्हन माइल, नाइन माइल. जेसर पॉइंटवरून बोट निघते, तिथून जितके मैल तितकं नाव. टू माइलवर सगळेच जातात, ती मोठी आहे आणि नवख्यांना झेपते. मला स्वतःला सेव्हन माइल जास्त आवडते. तिथे गर्दी कमी असते, प्रवाळाचे कडे आहेत आणि कासवं निवांत असतात. समुद्र खवळला की तिथवर जाता येत नाही, हा भाग वेगळा.

खरी गंमत पाण्यात उतरण्याआधीच सुरू होते. इथे जेटी वगैरे काही नाही. हवा भरलेल्या कडांची मोठी रबरी बोट ट्रॅक्टरने लाटांत ढकलतात. सगळ्यांनी कडेचे दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिचं नाक समुद्राकडे वळवायचं, स्किपर ओरडला की उड्या मारून वर चढायचं, पाय पट्ट्यांत अडकवायचे. लाइफ जॅकेट घालावंच लागतं. मग स्किपर फुटणाऱ्या लाटांच्या अलीकडे घुटमळत राहतो, लाटांमध्ये फट दिसली की इंजिन पूर्ण उघडतो. परत येताना तर तो लाटेच्या पाठीवरून बोट सरळ वाळूत घुसवतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी सांगतो की शार्कला घाबरू नका, पट्टीत पाय नीट अडकवा.

पाण्यातून वर येणंही आपल्याकडच्यासारखं नाही. बोटीला शिडी नसते. पाण्यातच वजनाचा पट्टा सोडून वर द्यायचा, मग सिलिंडर-जॅकेट द्यायचं, आणि फिन्स जोरात मारून पोटावर बोटीत आदळायचं. डौलाची अपेक्षा ठेवू नये.

एक अवांतर. याच जेसर पॉइंटसमोरच्या खोल घळीत २००० साली पीटर व्हेंटर आणि त्याच्या साथीदारांना १०४ मीटरवर सीलाकँथ दिसले. १९३८ पर्यंत हा मासा डायनोसॉरांबरोबरच संपला असं मानत होते. त्या वर्षी ईस्ट लंडनच्या संग्रहालयातल्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना ट्रॉलरच्या ढिगात एक विचित्र निळा मासा दिसला आणि शास्त्रज्ञांना पुस्तकं दुरुस्त करावी लागली. तुम्हा-आम्हाला तो दिसणार नाही, कारण हौशी डायव्हरची मर्यादा ४० मीटर. पण टू माइलवर तरंगताना तो खाली कुठेतरी आहे, हे डोक्यात असतंच.

शेवंडी

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न. मी मालवणला सिंधुदुर्गाजवळ दोनदा स्कूबा केलंय. तेवढ्यावर तिकडे घेतील का?

आंबटओला

शेवंडी, ते धरून फिरवतात ते ना? मजा येते, पण ते शिक्षणात धरत नाहीत. नुसतं बघायचं असेल तर सोडवानालाही प्रशिक्षकाबरोबर असा चाखणी डायव्ह करता येतो. रीफवर स्वतंत्रपणे जायचं तर ओपन वॉटर प्रमाणपत्र लागेल. ते गोव्यात, अंदमानात किंवा नेत्राणीला करून या. इकडे शिकायचं ठरवलं तर निम्मी सुट्टी त्यातच जाईल.

केल्पकर

धागा चांगला आहे, पण जोहान्सबर्गवाल्यांची नजर सोडवानाच्या पुढे जात नाही, हे आमचं केपवाल्यांचं जुनं दुखणं.

रंगीत मासे आणि प्रवाळ मालदीवलाही आहेत. केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं, जंगल कुठे आहे? सायमन्स टाउनच्या आसपास किनाऱ्यावरून नुसतं चालत पाण्यात शिरलात तरी दहा मिनिटांत तुम्ही त्या जंगलात असता. तळापासून पृष्ठभागापर्यंत गेलेले जाड देठ, वर पसरलेली पानं, त्यातून तिरपा येणारा उजेड. तळाशी जांभळे-नारिंगी समुद्री साळिंदर, स्पंज, तारामासे. पट्टेवाले पजामा शार्क कपारीत एकावर एक रचल्यासारखे पडलेले असतात. शायशार्क म्हणून एक हातभर लांबीचा मासा आहे, त्याला हात लावला तर शेपटीने डोळे झाकून मुटकुळं करून बसतो. (हात लावू नका.)

गारवा खरा आहे. १२ ते १६ अंशांत पातळ वेटसूटचा उपयोग नाही. ७ मिलिमीटरचा वेटसूट, टोपी, हातमोजे, आणि शक्य असेल तर ड्रायसूट. मोसमाचं गणितही इथे उलटं आहे. हिवाळ्यात (इथला जून ते ऑगस्ट) वायव्येचा वारा असतो, तेव्हा सायमन्स टाउनच्या बाजूचा फॉल्स बे शांत असतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटतो, तो अटलांटिक बाजूचं वरचं पाणी ढकलून देतो आणि खालचं बर्फासारखं पण काचेसारखं स्वच्छ पाणी वर येतं. तेव्हा हाउट बे, औडेक्राल ही बाजू धरायची. म्हणजे केपला बारा महिने डायव्ह करता येतो. फक्त डोंगराच्या कुठल्या बाजूला जायचं ते त्या दिवशी सकाळी ठरवायचं.

बुडालेली जहाजं आवडत असतील तर स्मिट्सविंकल बे. १९७० आणि ८०च्या दशकांत तिथे पाच जहाजं मुद्दाम बुडवली: नौदलाच्या दोन फ्रिगेट, समुद्रतळातून हिरे काढणारं एक जहाज आणि दोन मासेमारी ट्रॉलर. ३० मीटरच्या पुढे आहेत, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र हवं.

जाता जाता: केप टाउनमध्ये रत्नागिरीकडून आलेल्या कोकणी मुसलमानांची शंभरेक वर्षांची वस्ती आहे. म्हणजे कोकणी माणसाचं इथलं मासे खाणं माझ्या मासे बघण्यापेक्षा बरंच जुनं.

मनमौजी

पांढरे शार्क? पिंजऱ्यातून बघायचे ते? त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये.

केल्पकर

कारण आता ते दिसतील याची खात्री नाही. फॉल्स बेमधून ते जवळपास नाहीसेच झाले. कारणांवर इथे वाद आहे. एक बाजू किलर व्हेलकडे बोट दाखवते, दुसरी बाजू म्हणते की लहान शार्कची मासेमारी आणि क्वाझुलू-नाताळमधली जाळी विसरू नका. २०१५च्या सुमाराला इथे दोन नर ऑर्का, म्हणजे किलर व्हेलच, दिसायला लागले. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड. मिलर्स पॉइंटला सेव्हनगिल काउशार्कचा मोठा जमाव असायचा, केल्पमध्ये बसून राहिलं की चारी बाजूंनी फिरत यायचे. त्यातले काही तळाशी मेलेले सापडले, छाती फाडून यकृत नेमकं काढून नेलेलं. बाकीचे गायब झाले. २०१७ साली गान्सबाईला पांढरे शार्क तसेच किनाऱ्याला लागले. २०२३ साली मॉसेल बेजवळ स्टारबोर्डने एकट्याने एक लहान पांढरा शार्क दोन मिनिटांच्या आत मारला, त्याचं चित्रीकरण आहे.

पिंजऱ्याच्या सहली अजून चालतात, पण बऱ्याचदा दिसतात ते ब्राँझ व्हेलर शार्क. पैसे भरण्याआधी "गेल्या आठवड्यात काय दिसलं?" हे स्पष्ट विचारा.

तिखटमीठ

शार्कचा विषय निघालाच आहे म्हणून. मला दर्बानच्या दक्षिणेकडच्या अलीवाल शोल या रीफवरचे ते चारा टाकून केलेले डायव्ह पटत नाहीत. भोकं पाडलेल्या पिंपात तारली भरून पाण्यात सोडायची, वासाने ब्लॅकटिप शार्क गोळा करायचे आणि फोटो काढून "मी शार्कबरोबर पोहलो" म्हणायचं. याला डायव्हिंग म्हणायचं का? प्राण्यांना बोटीच्या आवाजाची सवय लागते ती वेगळीच.

दर्बानी

तिखटमीठ, मी दर्बानजवळ राहतो आणि चारावाले डायव्ह केलेत. तुमचा आक्षेप निम्मा मान्य. पण त्याच किनाऱ्याची दुसरी बाजू बघा.

१९५२ पासून दर्बानला पोहणाऱ्यांसाठी शार्कची जाळी लावतात. १९५७च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत दक्षिण किनाऱ्यावर हल्ल्यांत माणसं गेली आणि सुट्टीला आलेल्यांनी गाड्या भरून काढता पाय घेतला. तेव्हा घाबरून नौदलाकडून समुद्रात स्फोटकंसुद्धा टाकली होती. १९६४ साली या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि जाळी किनाराभर पसरली. लोकांना वाटतं जाळं म्हणजे कुंपण. तसं ते नाही. एकेक जाळं साधारण २१४ मीटर लांब आणि ६ मीटर उंच, मध्ये मोकळ्या जागा, शार्क वरून-खालून-बाजूने सहज येतो. जाळं शार्कला अडवत नाही, मारतं. आणि त्यात डॉल्फिन, कासवं, पाकट, निरुपद्रवी रॅगी शार्कसुद्धा अडकतात. २००७ पासून काही ठिकाणी जाळ्यांऐवजी चारा लावलेले गळ लावले, त्याने इतर प्राण्यांची हानी कमी झाली, पण प्रश्न मिटला नाही. पर्यटनावर पोट असलेल्या गावांना जाळी काढा म्हणणं सोपं नाही, हेही खरं.

अशा ठिकाणी जिवंत शार्कवर कोणाचं तरी घर चालत असेल तर मी चाऱ्याकडे जरा कानाडोळा करतो.

आणि चारा नकोच असेल तर जून ते नोव्हेंबरमध्ये अलीवालला या. उम्कोमासच्या नदीमुखातून बोट निघते, रीफ किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर. हे मुळात वाळूचे जुने ढिगारे, दगड झालेले. तेव्हा तिथल्या कॅथीड्रल आणि रॅगी केव्ह या गुहांत रॅगी शार्क येऊन राहतात. दात सतत बाहेर, चेहरा भयंकर, स्वभाव गरीब. पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि ती पोटात ठेवून पाण्यात अधांतरी उभे राहतात, आपण जॅकेटमध्ये हवा भरतो तसे. वीण मात्र अंगावर काटा आणणारी: आईच्या पोटातच मोठं पिल्लू धाकट्या भावंडांना खातं, दोन गर्भाशयांतून एकेकच जन्माला येतं. इथे जोड्या जुळतात, मग पोटुशा माद्या उत्तरेला सोडवानाकडच्या कोमट पाण्यात जातात. नियम एकच, गुहेचं तोंड अडवायचं नाही. तळाला पोट टेकून बाजूला पडून राहा, ते डोक्यावरून जातात.

तिखटमीठ

जाळ्यांचं माहीत नव्हतं. तरी पिंप पटलं नाहीच. पण जूनचं लक्षात ठेवते.

भूलतज्ज्ञ

डायव्हर आणि डॉक्टर या दोन्ही नात्यांनी दोन गोष्टी, कारण त्यांच्याकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात.

पहिली उंचीची. विमानाआधी थांबायचं हे सगळ्यांना पाठ असतं: एकच साधा डायव्ह असेल तर निदान १२ तास, रोज अनेक डायव्ह केले असतील तर निदान १८. पण जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून १७०० मीटरहून उंच आहे. रविवारी सकाळी सोडवानाला दोन डायव्ह करून दुपारी गाडीने घरी निघणं म्हणजे विमानात बसण्याचाच धाकटा प्रकार. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला तुम्ही विमानात आहात की टोयोटात, याच्याशी देणंघेणं नाही. शेवटचा डायव्ह शनिवारी दुपारी करा, रविवारी किनाऱ्यावर लोळा किंवा पाणघोडे बघायला सेंट लुशियाला जा.

दुसरी मलेरियाची. सोडवानाकडे धोका कमी आहे, मोझांबिकमध्ये बराच. मोझांबिकला जाणार असाल तर गोळ्या घ्याच, पण डायव्हिंग करणार असाल तर मेफ्लोक्विन नको. त्याने चक्कर, भ्रम होऊ शकतो आणि डीकम्प्रेशनचा आजार (विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा) झालाय की गोळीचा परिणाम, हे कळत नाही. डॉक्सिसायक्लिन चालतं, पण त्याने ऊन बाधतं आणि उघड्या बोटीत तुम्ही तासन्‌तास उन्हात असता. डॉक्टरांना "मी डायव्ह करणार आहे" हे आधी सांगा.

आंबटओला

भूलतज्ज्ञ, हे मूळ लेखातच हवं होतं. रविवारी संध्याकाळी एर्मेलोच्या पेट्रोल पंपावर ओल्या वेटसूटवाल्या गाड्यांची रांग बघून मला दर वेळी हेच वाटतं.

पेडवे

तारलीचा मोसम कोणी सांगेल का? माझं सगळं स्वप्न तेच आहे.

दर्बानी

मे ते जुलै, आणि त्यातही भरवसा नाही. किनाऱ्यालगत गार पाण्याचा पट्टा वर सरकला की त्याबरोबर तारली येते, पाणी तापलेलंच राहिलं तर ती फिरकत नाही किंवा खोलवरून जाते. मागे डॉल्फिन, ब्राँझ व्हेलर, ब्राइड्स व्हेल आणि वरून गॅनेट पक्षी. डॉल्फिन थव्याचा लचका तोडून त्याचा गोळा करतात, वर ढकलतात, मग सगळे तुटून पडतात. ही तारली मुळात अटलांटिकच्या गार पाण्यातली, असं २०२१च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. गार पाण्याचा पट्टा तिला हिंद महासागरात ओढून आणतो आणि मग ती कोमट पाण्यात अडकते. एवढ्या मोठ्या स्थलांतरातून तिला फायदा काही नाही, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. तारली किनाऱ्याजवळ आली की शार्कची जाळी काढून घेतात, नाहीतर सगळेच अडकतील.

डायव्हरसाठी चांगली जागा म्हणजे पोर्ट सेंट जॉन्स आणि वाइल्ड कोस्ट. पण पेडवे, दिवसच्या दिवस बोटीवर लाटा खात पक्षी शोधायचे असतात. थवा दिसला तर उडी, नाहीतर ओले होऊन परत. हे महाग आहे आणि काहीच न दिसण्याची तयारी लागते. आठ-दहा दिवस फक्त यासाठी देणार असाल तरच.

पेडवे

आठ दिवसांत एकदाही नाही दिसलं तर?

दर्बानी

हंपबॅक दिसतील. जूनपासून ते उत्तरेला जात असतात. पाण्यात डोकं बुडवलं की त्यांचं गाणं ऐकू येतं. तारली न मिळालेल्यांची समजूत आम्ही त्यावरच घालतो.

लाटलहरी

मोझांबिकबद्दल थोडं. पोंता दो ओरो सीमेला लागूनच आहे. पूर्वी वाळूतून फोर बाय फोरशिवाय जाता येत नसे. मापुतोचा मोठा झुलता पूल २०१८ साली झाला आणि आता मापुतोकडून पक्का रस्ता आहे. तिथे पिनॅकल्स या रीफला हॅमरहेड शार्क दिसतात, नशीब असेल तर बुल शार्कही. पण मँटा आणि व्हेल शार्क हवे असतील तर आणखी वर तोफोला जावं लागेल. मँटाच्या दोन वेगळ्या जाती आहेत हे २००९ साली अँड्रिया मार्शल यांनी मांडलं, त्यांचं बरंच काम याच पाण्यातलं.

जुन्या ब्लॉगवर वाचून गेलात तर मात्र निराश व्हाल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोफोला रीफ मँटा दिसण्याचं प्रमाण ८८ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं होतं. जाळ्यांची मासेमारी किनाऱ्यालगतच चालते. गावकऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांना मासळीशिवाय दुसरं काय आहे? तरी मला तोफो आवडतं. बाजारात काजू चांगले मिळतात आणि कोणालाच घाई नसते.

शेवंडी

ठरलं. आधी गोव्यात ओपन वॉटर करते, मग पुढच्या जुलैत. जुलैला सोडवाना की अलीवाल? आणि प्रोटिया बँक्स म्हणून एक नाव दिसलं, ते काय?

आंबटओला

प्रोटिया या खेपेला विसरा. तिथे रीफच २७ मीटरच्या आसपास सुरू होते आणि प्रवाह जबर असतो. तुमच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर.

जुलैत पहिले चार दिवस सोडवाना. हिवाळ्यात पाऊस नसतो, नद्या गढूळ पाणी आणत नाहीत, त्यामुळे व्हिजिबिलिटी चांगली असते. पाणी २२ अंशांच्या आसपास, ५ मिलिमीटरचा वेटसूट पुरे. तिथे लाटांतून निघायची सवय झाली की मग अलीवालला रॅगी. कॅथीड्रलचा तळ तुमच्या मर्यादेच्या खाली जातो, तेव्हा तुमचं प्रमाणपत्र बघून ते कुठे नेतात ते आधी विचारा. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, नाहीतर भूलतज्ज्ञ रागावतील.

शेवंडी

बोट लागण्याची गोळी कधी घ्यायची?

दर्बानी

आदल्या रात्री एक, सकाळी निघायच्या तासभर आधी एक. बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. ती आधी घरी एकदा घेऊन बघा, काहींना फार झोप येते. आणि रिकाम्या पोटी येऊ नका, कोरडा टोस्ट खा.

पेडवे

मी जूनचा शेवटचा आणि जुलैचा पहिला आठवडा धरतोय, पोर्ट सेंट जॉन्स. आणखी कोणी येणार असेल तर बोटीचा खर्च वाटून घेऊ. विपू करा.